बॅटरी मेटलचे छोटे खाण-शेअर: नवख्यांनी काय वाचायचं, कधी घ्यायचं, कधी सोडायचं

खाण सुरू होईपर्यंत खाणकंपनीकडे विकायला एकच माल असतो: तिचे स्वतःचे शेअर. लिथियम, निकेल, कोबाल्ट किंवा ग्रॅफाइट शोधणाऱ्या छोट्या कंपन्यांकडे नव्याने वळणाऱ्याने ही गोष्ट आधी डोक्यात पक्की करावी. ड्रिलिंगचा खर्च, भूवैज्ञानिकांचे पगार, प्रयोगशाळेची बिलं, संचालकांचं मानधन, सगळं नवे शेअर विकून भागवलं जातं. धातू सापडेल, सापडला तर परवडेल अशा खर्चात काढता येईल आणि तोवर कंपनीकडचे पैसे पुरतील, या तीन 'जर'वर तुम्ही पैसे लावत असता. पहिल्या दोनवर सगळे तावातावाने बोलतात. बहुतेकांचे पैसे तिसऱ्यापायी जातात.

हा सट्टा आहे. त्याला गुंतवणूक म्हणायचं असेल तर म्हणा, पण रक्कम सट्ट्याची ठेवा: उद्या शून्य झाली तरी घरखर्चाचं गणित बिघडणार नाही इतकीच. ब्रोकरकडून मार्जिनवर पैसे उचलून तर या शेअरांना हातही लावू नका. एका दिवसात भाव निम्मा होणं इथे नवलाचं नाही.

१. आधी धातू निवडा, कंपनी नंतर

'बॅटरी मेटल' ही जाहिरातीची सोय आहे. यातल्या प्रत्येक धातूचा भाव वेगळ्या कारणाने हलतो आणि एकाचा अनुभव दुसऱ्याला लागू पडत नाही.

लिथियम मुख्यतः दोन वाटांनी येतं. पश्चिम ऑस्ट्रेलियात ते स्पॉड्युमिन नावाच्या खनिजातून, कठीण खडक फोडून काढतात. चिली आणि अर्जेंटिनात क्षारपठारांखालचं खारं पाणी उपसून तलावांत वाळवतात. खडकाची खाण तुलनेने लवकर उभी राहते, पण टनामागे खर्च जास्त. खाऱ्या पाण्याचं उलट: वाळायलाच वर्षभर किंवा जास्त लागतं, पण एकदा बस्तान बसलं की माल स्वस्तात निघतो. म्हणून भाव कोसळला की आधी खडकवाल्यांचा जीव गुदमरतो. आणि भाव कोसळतो तो कसा? चीनमध्ये लिथियम कार्बोनेट नोव्हेंबर २०२२ मध्ये टनाला ६ लाख युआनच्या घरात होतं. २०२३ संपताना ते लाखाच्या आसपास आलं होतं. या काळात विजेच्या गाड्यांची विक्री वाढतच होती. मागणी वाढली म्हणून भाव वाढलाच पाहिजे हा समज इथेच सोडून द्या. पुरवठा त्याहून वेगाने वाढला की झालं.

कोबाल्टचं गणित आणखी वाकडं आहे. जगातला सुमारे ७० टक्के कोबाल्ट काँगो लोकशाही प्रजासत्ताकात निघतो आणि तिथे तो तांब्याचा जोडधातू आहे. तांबं परवडतंय तोवर खाण चालू राहते आणि कोबाल्ट नको असला तरी निघत राहतो. मार्च २०१८ मध्ये टनाला ९० हजार डॉलरच्या वर गेलेला भाव वर्षभरात जवळपास एक तृतीयांशावर आला. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये काँगो सरकारने निर्यातच थांबवली आणि भाव पुन्हा उसळला. केवळ कोबाल्टवर उभी असलेली छोटी कंपनी म्हणजे एका सरकारच्या फर्मानावर लावलेले पैसे.

निकेलमध्ये इंडोनेशियाने बाजी उलटवली. जानेवारी २०२० पासून कच्च्या निकेल खनिजाची निर्यात बंद करून त्यांनी प्रक्रिया कारखाने आपल्याकडे ओढले, त्यात चिनी भांडवल आलं आणि आता जगातलं निम्म्याहून अधिक निकेल तिथल्या खाणींतून निघतं. ऑस्ट्रेलियातल्या जुन्या खाणी त्या भावाला टिकल्या नाहीत. बीएचपीसारख्या बलाढ्य कंपनीने २०२४ मध्ये आपला निकेल वेस्ट उद्योग स्थगित केला. जे बीएचपीला जमलं नाही ते तिथल्याच एखाद्या चिमुकल्या कंपनीला का जमेल, याचं उत्तर तिच्या सादरीकरणात शोधा. सहसा नसतं.

ग्रॅफाइटला कृत्रिम ग्रॅफाइटची स्पर्धा आहे आणि दोन्हींवर चीनची पकड आहे. एवढं पुरे.

शिवाय बॅटरीचं रसायनही बदलतं. लोह-फॉस्फेट प्रकारच्या बॅटरीत निकेलही लागत नाही आणि कोबाल्टही नाही, आणि चीनमधल्या गाड्यांत आज याच बॅटऱ्यांचा वरचष्मा आहे. लिथियम मात्र त्यातही लागतं. कंपनी निवडण्याआधी एका कागदावर लिहा: या धातूचा भाव कुठे ठरतो, सर्वांत स्वस्त उत्पादक कोण आणि बॅटरीवाल्यांकडे पर्याय काय आहे. हे लिहिता आलं नाही तर अजून खरेदीची वेळ आलेली नाही.

२. कंपनी कुठल्या टप्प्यावर आहे ते ओळखा

या धंद्यात भावाच्या प्रवासाला लासोन्ड वक्र म्हणतात. शोध लागला की शेअर उसळतो. मग अभ्यास, परवाने आणि कर्जाची जुळवाजुळव यांत वर्षं जातात, नवी बातमी येत नाही, लोक कंटाळून विकतात आणि भाव खाली झिरपत राहतो. खाण प्रत्यक्ष सुरू व्हायची वेळ जवळ आली की पुन्हा चढ. नवखे बहुधा पहिल्या उसळीच्या माथ्यावर शिरतात आणि मधल्या खड्ड्यात कंटाळून बाहेर पडतात.

टप्पा ओळखायला कंपनीच्या कागदांतले दोन शब्द नीट वेगळे ठेवा: रिसोर्स आणि रिझर्व्ह. ऑस्ट्रेलियात जॉर्क संहिता आणि कॅनडात एनआय ४३-१०१ हा नियम यांची व्याख्या ठरवतात. (कॅनडाचा नियम आला तो ब्री-एक्स प्रकरणानंतर. इंडोनेशियातल्या बुसांगच्या सोन्याच्या नमुन्यांत बाहेरून सोनं मिसळल्याचं १९९७ मध्ये उघड झालं आणि अब्जावधी डॉलरची कंपनी शून्यावर आली.) रिसोर्स म्हणजे जमिनीत अमुक इतका माल असावा हा अंदाज. त्यात इन्फर्ड सर्वांत कच्चा, मग इंडिकेटेड, मग मेझर्ड. रिझर्व्ह म्हणजे तोच माल फायद्यात काढता येईल असं अभियांत्रिकी आणि पैशांच्या हिशेबाने दाखवलेला भाग. मोठ्या अक्षरांत "१० कोटी टन" लिहिलेलं असेल आणि त्यातला बहुतांश इन्फर्ड असेल, तर तो आकडा पेन्सिलीने लिहिलाय असं समजा.

अभ्यासांचंही तसंच. आधी ढोबळ स्कोपिंग, मग प्री-फिजिबिलिटी, मग सर्वांत सविस्तर डेफिनिटिव्ह फिजिबिलिटी. प्रत्येकात प्रकल्पाचं आजचं मूल्य दिलेलं असतं आणि ते कंपनीच्या बाजारमूल्याच्या दहापट वगैरे असतं. भुलू नका. आधी त्या अभ्यासात धातूचा कोणता भाव धरलाय ते शोधा. बरेचदा ते शेवटच्या पानांत लपलेलं असतं. तेजीच्या वर्षात केलेला अभ्यास तेजीचाच भाव वीस वर्षं धरून चालतो. आजचा भाव घातला तर काय उरतं, याचा तक्ता प्रामाणिक कंपनी स्वतःच देते.

आणि खाण सुरू झाली म्हणजे सुटलो असंही नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पिलगंगूरा भागात अल्टुरा मायनिंगची लिथियमची खाण चालू होती, माल जहाजावर चढत होता. भाव पडलेले होते आणि डोक्यावर कर्ज होतं. ऑक्टोबर २०२० मध्ये कंपनी रिसीव्हरच्या, म्हणजे कर्जवसुलीसाठी नेमलेल्या माणसाच्या, ताब्यात गेली. ती खाण शेजारच्या पिलबारा मिनरल्सने विकत घेतली आणि लगेच आलेल्या तेजीत त्याच दगडातून माल काढून विकला. दगडात खोट नव्हती. पैसे संपले.

३. रोकड आणि शेअरसंख्या तपासा

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. भूशास्त्र कळायला वर्षं लागतात. हे अर्ध्या तासाचं काम आहे.

ऑस्ट्रेलियन बाजारातल्या शोधकंपन्यांना दर तिमाहीला 'अपेंडिक्स ५बी' नावाचं रोकड-पत्रक द्यावं लागतं. त्यात सरळ ८.७ या ओळीवर जा. हातातल्या पैशांवर कंपनी आणखी किती तिमाही चालेल तो आकडा तिथे असतो. तो दोनच्या खाली असेल तर लगेच पुढच्या ओळीत, पैसे कुठून आणणार याचं उत्तर कंपनीला द्यावं लागतं. तेही वाचा. मग मागे येऊन भाग ६ पाहा: संचालक आणि संबंधितांना तिमाहीत किती दिले. ड्रिलिंगवर जेवढे गेले तेवढेच संचालकांवर जात असतील, तर ती कंपनी लिथियम शोधत नाहीये. कॅनडातल्या कंपन्यांचे हिशेब सेडार प्लस या सरकारी नोंदणीवर मिळतात.

आता एक हिशेब करून पाहू. समजा कंपनीचे ४० कोटी शेअर आहेत, भाव १० सेंट. बाजारमूल्य ४ कोटी डॉलर. वर्षाला खर्च ६० लाख आणि उत्पन्न शून्य. पैसे संपत आले की कंपनी ट्रेडिंग हॉल्ट घेते, दोन दिवस व्यवहार बंद, आणि तिसऱ्या दिवशी कळतं की बड्या गुंतवणूकदारांना ८ सेंटने साडेसात कोटी नवे शेअर दिले. एकूण झाले साडेसत्तेचाळीस कोटी. तुमच्याकडचा एकही शेअर कमी झाला नाही, पण कंपनीतला हिस्सा सुमारे १६ टक्क्यांनी आकसला. याच प्रमाणात दरवर्षी एकदा, असं चार वर्षं चाललं तर तुमचा हिस्सा जवळजवळ निम्मा होतो. म्हणजे कंपनीचं बाजारमूल्य त्या चार वर्षांत तिथल्या तिथे राहिलं तरी तुमचा भाव १० वरून ५ सेंटवर.

भर म्हणून नव्या दोन शेअरांमागे एक ऑप्शन, म्हणजे ठरलेल्या भावाने पुढे नवा शेअर घेण्याचा हक्क, फुकट दिलेलं असतं, भागधारकांच्या सभेच्या मंजुरीनंतर. समजा १२ सेंटचं. मग भाव १२ च्या वर गेला रे गेला की ऑप्शनवाले शेअर उचलून बाजारात ओततात. बातमी चांगली येऊनही शेअर का हलत नाही, याचं उत्तर पुष्कळदा या कागदात सापडतं. कॅनडात ऑप्शनच्या जागी वॉरंट असतात आणि खासगी विक्रीतले शेअर साधारण चार महिने विकता येत नाहीत. ती मुदत संपण्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि तिच्या आधल्या आठवड्यात खरेदी करू नका.

म्हणून भाव पाहून शेअर 'स्वस्त' ठरवायचा नाही. २ सेंटचा शेअर स्वस्त आणि २ डॉलरचा महाग, हे नवख्यांचं सर्वांत हट्टी मत आहे. सगळे शेअर, ऑप्शन आणि वॉरंट धरून भावाने गुणा, हातातली रोकड वजा करा, कर्ज मिळवा. येईल ती जमिनीतल्या आशेची किंमत. त्या किमतीला तो प्रकल्प अख्खा घ्यावासा वाटला असता का?

४. ड्रिलिंगची घोषणा वाचायला शिका

घोषणा अशी असते: "बोअर क्रमांक १२: ६४ मीटर खोलीपासून ४८ मीटर, सरासरी १.१ टक्के लिथियम ऑक्साइड; त्यात १० मीटर २.३ टक्के." शेअर तासाभरात ३० टक्के वर. तुम्ही कॅल्क्युलेटर काढा.

४८ मीटर गुणिले १.१ म्हणजे ५२.८. त्यातले १० गुणिले २.३, म्हणजे २३, त्या दहा मीटरचेच. उरले २९.८, भागिले ३८ मीटर: ०.७८ टक्के. म्हणजे एक जाडजूड चांगला पट्टा आणि बाजूला बराच सुमार खडक, असं हे चित्र आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या ग्रीनबुशेस या नामांकित खाणीत प्रत, म्हणजे खडकातलं लिथियम ऑक्साइडचं प्रमाण, सुमारे २ टक्के आहे. कठीण खडकातल्या बऱ्याच प्रकल्पांत ती १ ते दीड टक्का असते. ०.७८ ला फार उत्साहाने टाळ्या वाजवण्याचं कारण नाही.

पुढचा प्रश्न खऱ्या जाडीचा. खडकातली शीर तिरकी उभी असेल आणि बोअर तिच्या उताराबरोबरच खाली गेली, तर ६ मीटर जाडीच्या शिरेतून ४८ मीटर 'लांबी' सहज मिळते. घोषणेत 'खरी जाडी' दिलीय का ते पाहा; "अद्याप निश्चित नाही" असं असेल तर मागे जोडलेला छेद-नकाशा उघडून बोअर कुठल्या कोनातून गेली ते बघा. त्याच नकाशावर आजूबाजूच्या बोअरही असतात, ज्यांचा मथळ्यात उल्लेख नसतो. रिकाम्या निघालेल्या बोअर तळटीपेत किंवा तक्त्यात असतात.

एककांचे खेळही समजून घ्या. पीपीएम म्हणजे दहा लाखांत किती भाग; १०,००० पीपीएम म्हणजे १ टक्का, त्यामुळे "१,५०० पीपीएम" हे कानाला भरगच्च वाटलं तरी ०.१५ टक्के आहे. लिथियम धातूचा आकडा २.१५ ने गुणला की लिथियम ऑक्साइडचा येतो, आणि ऑक्साइडचा २.४७ ने गुणला की कार्बोनेटचा. त्याच मालाला सर्वांत मोठा दिसणारा आकडा वापरायचा मोह कंपन्यांना होतो, म्हणून दोन कंपन्यांची तुलना करताना आधी दोन्ही एकाच मापात आणा.

"डोळ्यांनी पाहता स्पॉड्युमिन दिसलं" या घोषणेवर खरेदी करू नका. प्रयोगशाळेचा निकाल यायला काही आठवडे, कधी महिने लागतात आणि तोवर भावात सगळी आशा भरून झालेली असते. निकाल चांगला आला तरी पडतो, वाईट आला तर आपटतो. दगड चांगला असला तरी त्यातलं लिथियम कोणत्या खनिजात आहे हे वेगळंच प्रकरण आहे; प्रक्रिया केल्यावर किती टक्के हाती लागतं, ही चाचणी झाल्याशिवाय प्रतीचा आकडा अर्धवट राहतो.

मग 'शेजार'. "जगप्रसिद्ध अमुक खाणीपासून फक्त १२ किलोमीटरवर" हे वाक्य दर तेजीत येतं. शेजाऱ्याच्या विहिरीला पाणी लागलं म्हणून आपल्या अंगणात लागेलच असं नाही, आणि इथे तर अंगण १२ किलोमीटर लांब आहे.

हे वेड नवं नाही. सप्टेंबर १९६९ मध्ये पोसायडन नावाच्या ऑस्ट्रेलियन कंपनीला विंडारा इथे निकेल लागलं. ८० सेंटचा शेअर फेब्रुवारी १९७० मध्ये २८० डॉलरला पोचला आणि त्याच्या मागे निकेलशी दूरचं नातं सांगणारी कुठलीही कंपनी लोकांनी घेतली. निकेल खरोखर होतं. पण प्रत अपेक्षेपेक्षा कमी निघाली, खाण सुरू व्हायला वर्षं लागली, खर्च फुगला आणि १९७६ मध्ये कंपनी शेअर बाजारातून गेली.

५. जमीन कोणाच्या ताब्यात आहे?

परवाना अर्जाच्या पातळीवर आहे की मंजूर, शोधाचा आहे की खाणीचा, कंपनीचा हिस्सा किती आणि उरलेला कोणाचा, हे चार प्रश्न. एव्हीझेड मिनरल्सकडे काँगोतल्या मनोनो इथल्या प्रचंड लिथियम साठ्यातला हिस्सा होता. साठ्याबद्दल कोणाला शंका नव्हती. मालकी हक्कावरून वाद पेटला, मे २०२२ मध्ये शेअरचे व्यवहार थांबले, ते पुन्हा सुरू झालेच नाहीत, आणि मे २०२४ मध्ये कंपनी ऑस्ट्रेलियन बाजारातून काढली गेली. तो अख्खा काळ भागधारकांना विकायला बाजारच नव्हता. तोटा घेऊन बाहेर पडू म्हणणाऱ्याला तोटासुद्धा घेता आला नाही.

सरकारंही वाऱ्याची दिशा पाहून नियम बदलतात. मेक्सिकोने २०२२ मध्ये लिथियमचं राष्ट्रीयीकरण केलं, झिंबाब्वेने त्याच वर्षाच्या शेवटी कच्च्या खनिजाची निर्यात अडवली. सर्बियाने जानेवारी २०२२ मध्ये रिओ टिंटो या बलाढ्य खाणकंपनीच्या यादार लिथियम प्रकल्पाची मंजुरी रद्द केली, ती २०२४ मध्ये न्यायालयाच्या निकालानंतर परत मिळाली. रिओ टिंटो अडीच वर्षं थांबू शकते. तीन तिमाहींची रोकड असलेली कंपनी थांबू शकत नाही.

६. खरेदी करताना

नेहमी लिमिट ऑर्डर, म्हणजे जास्तीत जास्त किती देणार तो भाव आधीच ठरवून. या शेअरांत खरेदीदार-विक्रेते थोडे असतात आणि मिळेल त्या भावाची मार्केट ऑर्डर टाकली तर भलत्याच भावाला घेऊन बसाल. ऑस्ट्रेलियात १० सेंटखालच्या शेअरची सर्वांत लहान पायरी ०.१ सेंटची असते. म्हणजे ०.४ सेंटचा शेअर हलला तर थेट ०.५ वर, २५ टक्क्यांची उडी. घेताना ०.५ ने घेतलात आणि लगेच विकायला गेलात तर ०.४. विकत घेतल्या क्षणी पाचवा हिस्सा गेला. अशा भावातले शेअर नवख्याने टाळावेतच.

एकदम सगळं घेऊ नका. पण भाव पडतोय म्हणून सरासरी कमी करत राहणं हा वेगळा रोग आहे. दुसरा हप्ता घालायचा तो काहीतरी सिद्ध झाल्यावर: रिसोर्स जाहीर झाला, कंपनीच्या मालाच्या खरेदीचा करार झाला, निधी मिळाला. पुढच्या निधीउभारणीत आपल्याला ८ सेंटने मिळणार नसेल तर आदल्या दिवशी १० ला घेण्यात अर्थ नाही, म्हणून ८.७ चा आकडा दोनच्या खाली असताना थांबलेलं बरं. निधीउभारणी होऊन गेल्यावर बरेचदा त्याच भावात बाजारातच शेअर मिळतात.

७. विकायचं कधी, हे घेतानाच लिहून ठेवा

दुप्पट झाला की मुद्दल काढून घ्यायचं, ही जुनी रीत इथे चांगली लागू पडते. भाव दहापट होईल म्हणून थांबणाऱ्यांपैकी काहींचा होतोही, पण खाली येताना तो थांबत नाही.

ताब्यात घेण्याच्या प्रस्तावावर तर डोळे मिटून विसंबू नका. सप्टेंबर २०२३ मध्ये अल्बेमार्ल या अमेरिकन कंपनीने लायनटाऊन रिसोर्सेस या ऑस्ट्रेलियन लिथियम कंपनीला शेअरमागे ३ ऑस्ट्रेलियन डॉलर देऊ केले. व्यवहार ठरल्यातच जमा होता. मग ऑस्ट्रेलियातल्या खाण-उद्योजक जीना राइनहार्ट यांच्या हॅनकॉक समूहाने बाजारातून जवळपास २० टक्के हिस्सा उचलला, ऑक्टोबरमध्ये अल्बेमार्लने माघार घेतली आणि काही दिवसांतच कंपनीने १.८० डॉलरने नवे शेअर काढले. पुढच्या वर्षी भाव एक डॉलरच्याही खाली गेला. प्रस्तावाच्या किमतीच्या जवळ बाजारात विकायची संधी तेव्हा कित्येक दिवस रोज होती. शेवटचे दोन-चार टक्के मिळवण्यासाठी थांबायचं असेल तर निम्मे तरी आधी विका.

घेतल्यापासून विकेपर्यंत रोज भाव पाहण्याची गरज नाही. ऑस्ट्रेलियन कंपन्यांचे तिमाही अहवाल जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरच्या अखेरपर्यंत येतात. महिन्याच्या शेवटच्या दिवशी, बाजार बंद झाल्यावर टाकलेला अहवाल आधी उघडा. आणि उघडलात की मथळा, फोटो, अध्यक्षांचं मनोगत सोडून थेट ८.७.